तांबेसाहेबांचा जिवलग स्नेही

ज्या सकाळी तांबेसाहेब गेल्याची बातमी आली, त्या सकाळी मी गिरगावात आमच्या स्वयंपाकघरात गवार मोडत बसलो होतो. दूधवाला नेहमीसारखा उशिरा आला होता, वरच्या मजल्यावर नेहमीसारखं ड्रिलिंग चालू होतं. माणसाने आपल्या आयुष्यातला सर्वांत मोठा घोळ घालायला सुरुवात करावी, असं त्या सकाळीत काहीही नव्हतं.

सांगतो सगळं. पण एक अट आहे. मला मध्येच थांबवून ‘मग तुम्ही सरळ बोललात का नाही?’ असं विचारायचं नाही. तो प्रश्न माझ्या मुलीने विचारून झालाय, बहिणीने विचारून झालाय, आणि इस्त्रीवाल्यानेसुद्धा विचारलाय. त्याला कोणी सांगितलं, देव जाणे.

तांबेसाहेब कोण, हे तुम्हाला ठाऊक नसेल. मलाही नव्हतं. तिथेच तर सगळी गंमत आहे.

बातमी आणली जयेशभाईने. हा माणूस लालबागपासून शिवडीपर्यंतच्या गाळ्यांना कटर आणि ड्रिल पुरवतो. कोणाचं मशीन बसलं, कोणाचा कारागीर पळाला, कोणाच्या मुलीचं जमलं, हे त्याला त्या त्या घरच्यांच्या आधी कळतं. फोनवर म्हणाला, “सर, कॉटन ग्रीनवाले तांबे ऑफ झाले. बहोत चांगला माणूस.” मग एक श्वास घेण्यापुरता थांबला आणि म्हणाला, “मशीन विकायला निघेल आता.”

तुम्ही नाक मुरडू नका. आपल्या या शहरात माणूस गेल्याची बातमी कधी एकटी येते का? तिच्याबरोबर खोली येते, गाळा येतो, पार्किंगची जागा येते. ‘कसे गेले?’ हा पहिला प्रश्न आणि ‘जागा कोणाच्या नावावर आहे?’ हा दुसरा. या दोहोंच्या मध्ये तुम्ही जितका वेळ थांबता, तितके तुम्ही सुसंस्कृत. जयेशभाई तसा मध्यम सुसंस्कृत म्हणायचा.

आता मशीनशी माझा काय संबंध, ते सांगायला हवं. लालबागला आमचा एक गाळा आहे. आमचा म्हणजे माझ्या बायकोचा, नीलाचा. ती मेकॅनिकल इंजिनिअर. मी कॉलेजात मराठी शिकवतो आणि मासिकवाल्यांनी मागितलं की लिहितो. ती साचे बनवायची, यंत्रांचे सुटे भाग बनवायची. संसार सुखाचा झाला, कारण तिच्या कामातलं मला काही कळत नव्हतं आणि माझ्या कामात कळण्यासारखं काही नाही असं तिचं मत होतं. गेल्या उन्हाळ्यात ती गेली. आजार फार लांबला नाही. तेव्हापासून गाळा आमची मुलगी केतकी चालवते.

केतकीला एका पंप बनवणाऱ्या कंपनीकडून मोठं काम येऊ घातलं होतं. पंपाच्या पोटात वळणदार पात्यांचा एक पंखा असतो, तो बनवायचा. त्याला फाइव्ह-ॲक्सिस मशीन लागतं. म्हणजे काय, हे तिने मला साबणाची वडी आणि भाजीची सुरी घेऊन समजावलं होतं. साध्या मशीनमध्ये कटर डावीउजवीकडे, पुढेमागे आणि वरखाली जातो. या मशीनमध्ये शिवाय कापायची वस्तू झुकवता येते आणि फिरवता येते, त्यामुळे कटर हव्या त्या कोनातून आत शिरू शकतो. मी मान डोलावली. साबण मात्र नंतर आंघोळीच्या कामाचा राहिला नाही.

असं मशीन नवं घ्यायचं तर गाळा विकावा लागला असता. आणि मग मशीन ठेवणार कुठे, दिवाणखान्यात? जुनं घ्यायचं तर बाजारात येतात ती बहुतेक दहा हात फिरून, कुठे आपटून, रंग देऊन उभी केलेली. तांबेसाहेबांचं तसं नव्हतं. ते त्यांनी एकट्याने वापरलेलं, आणि जयेशभाईच्या शब्दांत, घरच्या गाईसारखं सांभाळलेलं. पंपवाल्यांना केतकीने लवकर उत्तर द्यायचं होतं. हे काम गेलं तर गाळा बंद करून ती चाकणला नोकरी धरणार होती. तसं आमचं बोलणंही झालं होतं, जेवताना, भाजीत मीठ कमी आहे का या विषयाच्या आधी की नंतर, शांतपणे. बिल्डरचा एक माणूस अधूनमधून गाळ्यात डोकावून ‘सहज आलो होतो’ म्हणून जायचा, तो आता जरा वारंवार सहज येऊ लागला होता.

तर केतकीने मला पाठवलं. एक तर तिच्या मशीनवर त्या दिवशी सोडून जाता येणार नाही असं काम लागलं होतं. दुसरं, अशा घरी पहिल्यांदा कोणी वडीलधारं गेलेलं बरं, असं तिला वाटलं. म्हणाली, “बाबा, तू नुसता भेटून ये. आणि निघताना एवढंच सांग, मशीन द्यायचं झालं तर आधी आम्हाला विचारा. बाकी मी बघते.”

एक वाक्य. आयुष्यभर मी पोरांना वाक्यंच शिकवत आलो. यात चुकण्यासारखं काय होतं?

तांबेसाहेबांचं घर नायगावला. त्यांची चाळ पुनर्विकासात पाडलेली, म्हणून मंडळी जवळच एका भाड्याच्या जागेत राहत होती. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत पांढऱ्या कपड्यांतली माणसं. तांबेसाहेबांच्या पत्नी सुमनताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्युनिसिपल शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. मी समोर बसलो. त्यांनी विचारलं, तुम्ही ह्यांचे कोण?

मी म्हणालो, “कामातली ओळख.”

हे खोटं नव्हतं. ओळख व्हायचीच होती आणि ती कामातच व्हायची होती. फक्त क्रम जरा चुकला होता.

त्यानंतर मी गप्प बसून राहिलो. मनात ते वाक्य तयार होतं, पण त्याच्याआड एक रुमाल येत होता. नीला गेली त्या आठवड्यात एक गृहस्थ आमच्याकडे भेटायला आले होते. बराच वेळ बसले, डोळे पुसले, आणि रुमालाची घडी घालता घालता त्यांनी विचारलं की गाळ्यातला माळा अधिकृत आहे ना. त्या घडीची चौकोनी कड मला अजून दिसते. तेव्हा मी ठरवलं होतं की काय वाटेल ते होईन, हा रुमालवाला होणार नाही. म्हणून म्हटलं, बसलेलो असताना नको. निघताना सांगू. केतकीनेही निघतानाच सांगायला सांगितलंय.

आणि निघायची वेळ आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे अशा घरातून निघताना ‘येतो’ म्हणायचं नसतं. काहीच म्हणायचं नसतं. नुसतं उठायचं, हात जोडायचे, चपला शोधायच्या. म्हणजे बघा, माझी अख्खी योजना निघतानाच्या वाक्यावर उभी, आणि निघताना तर तोंड उघडायचीच सोय नाही. ‘येतो’सुद्धा म्हणायचं नाही तिथे ‘मशीन आम्हाला द्या’ कसं म्हणणार? मी उठलो, हात जोडले. बहुधा पुढे वाकून क्षणभर तसाच उभा राहिलो असेन, कारण सुमनताईंना वाटलं मला भरून आलंय.

त्या म्हणाल्या, “दिवसभर फोन चालू आहेत, भाऊ. जो तो मशीनचं विचारतो. तुम्ही पहिले. तुम्ही नावही काढलं नाहीत.”

आता सांगा. यानंतर कोण काढेल नाव?

उंबऱ्यापाशी त्यांचा मुलगा मिलिंद भेटला. ठाण्याला बँकेत असतो, मुलगा अगदी सज्जन. रविवारी पुण्यानुमोदन आहे, श्रद्धांजलीचा कार्यक्रम, जवळच्याच हॉलमध्ये, काका तुम्ही नक्की या, असं त्याने माझा हात धरून सांगितलं. मी मानेने हो म्हटलं. तोंडाने काही बोललो नाही. अजून उंबऱ्याच्या आतच होतो ना.

घरी आलो तर केतकी दारातच. बोललास का, म्हणाली. मी म्हटलं, तसं वातावरण नव्हतं. ती म्हणाली, “बाबा, तू वाक्य सांगायला गेला होतास की हवामानाचा अंदाज घ्यायला?” माझ्या चपलेकडे बघून तिने वर हेही विचारलं की ही कोणाची चप्पल घालून आलास. त्या ढिगात एक उजवी बदलली होती. म्हणजे तांबेसाहेबांच्या घरून मी रिकाम्या हाताने आलो नव्हतो, एवढं मान्य करा.

दरम्यान जयेशभाईचे फोन चालू होते. कुर्ल्याच्या एका डीलरचा माणूस गाळ्यावर जाऊन मशीनची लांबीरुंदी मोजून गेला. आणखी कोणी दाराची उंची मोजून गेला, मशीन बाहेर निघेल का बघायला. मिलिंदने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की रविवारचा कार्यक्रम होऊ द्या, सोमवारी या, जो पहिला येईल त्याला देऊन मोकळा होतो. त्याला मशीनमधलं काही कळत नव्हतं आणि वडिलांच्या गाळ्याचं कुलूप उघडायला गेलं की त्याला आत पाऊल टाकवत नव्हतं, असं जयेशभाई म्हणाला.

म्हणजे रविवार हाच शेवटचा दिवस. केतकीने या वेळी योजना सुधारली. काकूंना काही बोलायचं नाही, मुलाला बाजूला घ्यायचं. हॉलमध्ये मागच्या रांगेत दाराजवळ बसायचं. कार्यक्रम संपला की त्याला गाठायचं. तिने माझ्याकडून ते वाक्य दोनदा म्हणून घेतलं. प्राध्यापकाकडून.

रविवारी मी पांढरा झब्बा घालून, स्वतःच्या दोन्ही चपला नीट ओळखून ठेवून, मागच्या रांगेत बसलो. मिलिंदने मला पाहिलं, लगबगीने आला आणि दंडाला धरून पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. दार आता फार लांब गेलं. सूत्रसंचालन करणारे कदम नावाचे गृहस्थ येऊन माझं नाव विचारून गेले. मला वाटलं, उपस्थितांची नावं घेतात तसं काहीतरी असेल.

इथे माझं अज्ञान कबूल करतो. आमच्याकडे तेराव्याला जेवण असतं, भाषण नसतं. गेलेल्या माणसाबद्दल जे काही बोलायचं ते लोक जेवण झाल्यावर जिन्यात बोलतात, आणि आवाज खाली ठेवून. या मंडळींची पद्धत सरळ होती. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, फोटोला फुलं वाहिली. मग ज्यांनी त्या माणसाला ओळखलं त्यांनी एकेक करून उभं राहायचं आणि चारचौघांत सांगायचं की हा माणूस कसा होता. मला ही रीत फार आवडली. फक्त ‘ज्यांनी ओळखलं त्यांनी’ हा भाग जरा अडचणीचा होता.

पहिल्यांदा एक कार्यकर्ते बोलले. तांबेसाहेबांच्या जाण्याने वॉर्डाची किती हानी झाली हे सांगताना त्यांनी स्वतः वॉर्डात केलेली कामं सांगितली. गटारं, पेव्हर ब्लॉक, व्यायामशाळा. शेवटी हानी नेमकी कशाने झाली ते कळेनासं झालं. मग चाळ कमिटीचे सेक्रेटरी उठले. त्यांनी श्रद्धांजली वाहता वाहता नव्या इमारतीत लिफ्ट किती असाव्यात हा प्रश्न घेतला आणि तो इतका जिव्हाळ्याचा निघाला की टाळ्या पडल्या. हा शोकाचा कार्यक्रम आहे हे लक्षात आल्यावर त्या अर्ध्यात थांबल्या. एक भाचा कविता घेऊन आला होता. तिच्यात तांबेसाहेब आकाश होते, वटवृक्ष होते, दीपस्तंभ होते. मिल बंद पडल्यावर ज्या माणसाने रात्रीचे वर्ग करून नवं यंत्र शिकून घेतलं, स्वतःचा गाळा उभा केला, त्या तांबेसाहेबांबद्दल कोणी एक शब्द बोलेना. मिलचं आणि वर्गांचं मला जयेशभाईकडून कळलेलं. सुमनताई समोर बघत होत्या. त्यांचा चेहरा मला ओळखीचा होता. आमच्याकडे लोक नीलाला ‘सुगरण’ म्हणून गेले होते, तेव्हा केतकीचा झाला होता तसा.

आणि कदम माइकवर आले. म्हणाले, “यानंतर तांबेसाहेबांचे जिवलग स्नेही आणि व्यवसायबंधू, प्रोफेसर प्रधान.”

कामातली ओळख म्हणून गेलेला माणूस मी. चार दिवसांत स्नेही झालो, जिवलग झालो, व्यवसायबंधू झालो. कॉलेजात एका बढतीसाठी माझे केस पांढरे झाले होते.

उठण्यावाचून इलाज नव्हता. मनात म्हटलं, दोन वाक्यं बोलायची आणि बसायचं. माइक हातात घेतला. समोर फोटो होता. त्यात तांबेसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवलेला, आणि शर्टाच्या खिशातून स्टीलची मोजपट्टी डोकावत होती. फोटो काढतानाही ती त्यांनी काढून ठेवली नव्हती.

नीलाच्या पर्समध्ये तशीच पट्टी असायची.

मी म्हटलं, या पट्टीबद्दल दोन शब्द बोलतो. बस, तिथे सुटलो. सांगितलं की ही पट्टी बाजारातही बरोबर जायची. दुकानात स्टीलचा डबा घ्यायचा तर आधी त्याचं झाकण मोजलं जायचं आणि दुकानदार हात जोडायचा. सांगितलं की सकाळी गाळा उघडला की मशीन सुरू करण्याआधी त्याच्या पत्र्यावर तळहात ठेवायची सवय होती, पोराला ताप आहे का बघावं तसा. मशीन चालू असताना दाराशी डोळे मिटून उभं राहायचं, आवाजावरून कटर बोथट झालाय का ते कळायचं. एखादा जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा भाग, बिघडला तर तो भंगारात लपवायचा नाही. टेबलावर आपल्यासमोर ठेवायचा, दुसरा चांगला होईपर्यंत. घाईत असाल तर मशीनला हात लावू नका, असं सांगणं असायचं. आणि घरी आल्यावर कितीही हात धुतले तरी कटरवर सोडतात त्या तेलकट पाण्याचा वास जेवणापर्यंत यायचा. एकदा भातात एक चकचकीत कण निघाला, धातूचा. मी तो बाजूला काढून ठेवला. मी म्हणजे, घरच्यांनी.

तिथे माझी जीभ जरा अडखळली. पण लोकांना वाटलं गहिवर आहे. तसा तो होताही.

पेव्हर ब्लॉकवाले कार्यकर्तेसुद्धा मोबाइल खाली ठेवून ऐकत होते. सुमनताई शेजारच्या बाईंना म्हणाल्या, अगदी मला ऐकू येईल एवढ्या आवाजात, “अगदी असेच होते हे.” आणि त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. मशीनचा विषयही निघालाच होता, नंतर मिलिंदशी बोलणं सोपं गेलं असतं. पण भाषण म्हटलं की त्याला शेवट हवा. इतकी वर्षं वर्गात घंटा व्हायच्या बेताला एखादं वाक्य टाकून बाहेर पडायची सवय. मी फोटोकडे हात केला आणि म्हणालो, “आपल्या मशीनला परका हात लागलेला या माणसाला खपत नसे. मशीन विकता येतं. पण त्यात मुरलेला हात कोणाला विकणार?”

तळहात नीलाचा, आवाज ओळखणं नीलाचं, परका हात न खपणंही तिचंच. हे शेवटचं वाक्य तेवढं माझं. खास माझं. टाळ्यांचं.

टाळ्या मात्र पडल्या नाहीत. मिलिंद उठला, माझ्या हातातून माइक घेतला. त्याला बोलायची सवय नव्हती. तो म्हणाला, “उद्या मी बाबांचं मशीन विकणार होतो. नाही विकणार. गाळा चालू ठेवणार.”

मग टाळ्या पडल्या. या वेळी कोणी अर्ध्यात थांबलं नाही. थांबवणार तरी कसं? टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. उभा राहून वाजवत होतो.

कार्यक्रम संपल्यावर सुमनताईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाल्या की तुम्ही नसतात आलात तर हे मशीन गेलं होतं. मी म्हणालो, छे छे, माझं काय त्यात. हे मी किती मनापासून म्हणालो ते तुम्हाला आता कळेल.

घरी जाताना दादरला गाडी न पकडता उगीच पायी फिरत राहिलो. केतकीला कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो. तसदी घ्यायची गरज नव्हती. जयेशभाई हॉलमध्ये मागे उभा होता आणि त्याने सगळं भाषण मोबाइलवर घेऊन तिला पाठवलं होतं. खाली लिहिलं होतं, सर एक नंबर बोलले.

मी आत आलो तेव्हा केतकी जेवणाच्या टेबलाशी बसली होती. मोबाइल पालथा ठेवलेला.

“पट्टीचं आईचं होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“तापाचं पण. आणि भातातलं पण.”

“हो.”

“मग तांबेसाहेबांचं काय होतं त्यात?”

“फोटो,” मी म्हणालो.

मला वाटलं आता ती फुटेल. पण तिने मोबाइल सुलटा केला, भाषण पुन्हा लावलं, आणि भाताचा तो भाग येईपर्यंत ऐकलं. मग बंद करून म्हणाली, “ही गोष्ट मला माहीत नव्हती.” आणि उठून भांडी घासायला गेली. रागावली की ती भांडी घासते. त्या संध्याकाळी तिने फळीवरची धुतलेली भांडीही काढून घासली. त्यात राग किती होता आणि दुसरं काय किती होतं, ते मी आत जाऊन विचारलं नाही.

पण पोर नीलाची आहे. आठवडाभराने म्हणाली, विकत नको, तासाने भाड्याने घेऊ. त्यांचं मशीन दिवसभर थोडंच चालणार? रिकाम्या वेळात आपलं काम करायचं, त्यांना भाडं द्यायचं, दोघांचंही भागेल. मला घरी बसायला सांगून ती एकटीच कॉटन ग्रीनला गेली. माझं तोंड तिला तिथे मुळीच नको होतं.

प्रधानसरांची मुलगी म्हटल्यावर तिचं जे स्वागत झालं, ते म्हणे आमच्या घरातसुद्धा तिचं कधी झालं नाही. सुमनताई आता रोज गाळ्यात येऊन बसतात. मिलिंदने जुन्या कारागिराला परत बोलावलंय. भिंतीवर तांबेसाहेबांचा तोच फोटो, आणि त्याखाली सुमनताईंच्या शाळेतल्या सुबक अक्षरात एक पाटी. वर ‘साहेबांची शिकवण’, आणि खाली ओळी. घाईत असाल तर मशीनला हात लावू नका. बिघडलेला जॉब लपवू नका. केतकी म्हणाली, “बाबा, मी तिथे उभी राहून आईचं बोलणं वाचत होते. आणि नाव तांब्यांचं.”

तिसरी ओळ होती, आपले मशीन परक्या हाती देऊ नये.

केतकीने तरीही विचारून पाहिलं. सुमनताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “बाळ, तुला नाही म्हणताना मला कसंतरीच होतंय गं,” म्हणाल्या. “पण ह्यांना नाही खपायचं. तुझ्या बाबांनीच नाही का सांगितलं सगळ्यांना?” केतकी चहा पिऊन आली.

यानंतरची बातमीही जयेशभाईनेच आणली. पंपवाल्यांचा माणूस तांब्यांच्या गाळ्यावर मशीन बघून गेला. मशीन त्याला पसंत पडलं. त्याला तिथे कोणी नेलं, असं मी विचारलं. जयेशभाई म्हणाला, कोणी नेलं नाही सर, तुमचं भाषण फिरतंय ना सगळीकडे.

आता काम कोणाला द्यायचं हे पंपवाले ठरवतील. मला वाटतं त्यांनी ठरवलंय. अधिकृत उत्तर द्यायला केतकीकडे या महिन्याअखेरपर्यंत वेळ आहे. तिचं म्हणणं एकच आहे. आपण दोघं जाऊ, सुमनताईंच्या समोर बसू आणि खरं सांगून टाकू. त्या समजूतदार बाई आहेत. पाटीवरची तिसरी ओळ एकदा पुसली गेली की तासाने मशीन मिळेलही.

मला पटतं. पण मी तांबेसाहेबांना कधी पाहिलंही नव्हतं, एवढं सांगून ते संपणार नाही. त्या लगेच विचारतील, मग तो तळहात कोणाचा? आणि ते मला बसून, माइक नसताना, नीट सांगावं लागेल.

केतकी रोज संध्याकाळी विचारते, उद्या जाऊ या का. मी हो म्हणतो. आम्ही अजून गेलेलो नाही.